सातव्या आसरेची जागा

वलवण, २७ जुलै २०२५

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. केरबाभाऊ लोणावळ्यातल्या हॉटेलांना दूध घालून वाडीकडे परत निघतात तेव्हा आमच्या फाटकाशी थांबतात. त्यांच्याकडे देते आहे. पाकीट नीट डकवलंय. ते बघून म्हणाले, "मला कुटं वाचाया येतंय? तरीबी डकव, डकव. मान्सापरीस खळीवर भरवसा बरा."

छकुली बरी आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं तू वाचशील की पत्र चुलीत घालशील हे मला माहीत नाही.

जूनमध्ये मी तिला इथे आणलं तेव्हा तू वनखात्याच्या कामावर आठ दिवस बाहेर होतास. मी मुद्दाम तेच दिवस निवडले. वहिनी हो म्हणाली होती, आय हो म्हणाली होती, आणि तू नाही म्हणशील हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. बापाला न विचारता पोर नेली, ते चुकलंच. पण तिची शाळा मोडलेली नाही. सकाळ-संध्याकाळ नाच आणि मधल्या वेळात इथलीच सहावी.

तू वहिनीला म्हणालास म्हणे, "बंगल्यात पोरी तंग कापडं घालून नाचत्यात, आन माजी भन तितं राखन करती." राखण नाही, दादा. मी इथलं ऑफिस बघते आणि हॉस्टेलच्या मुलींचा अभ्यास घेते. आपल्या घरातली पहिली बी.ए. मी झाले, ते तू पाचवीत शाळा सोडून चिखलात उभा राहिलास म्हणून. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच तुझ्या पोरीच्या पायात जे आहे ते वाया जाऊ नये असं मला वाटतं.

तुला वाटतो तसा हा नाच नाही. सकाळी साडेसहाला मुली भिंतीच्या लाकडी दांड्याला हात लावून उभ्या राहतात आणि दीड तास नुसते गुडघे वाकवतात, सरळ करतात. इंदिरा मिस काठी आपटत फिरतात. त्या परदेशात अकरा वर्षं बॅले नाचल्या. गुडघा गेला तेव्हा वडिलांच्या या बंगल्यात परत आल्या आणि दिवाणखान्याच्या भिंती पाडून आरशांचा हॉल केला. दोन वर्षं दर शनिवारी त्या आपल्या आश्रमशाळेत येऊन शिकवत होत्या, तिथेच त्यांनी छकुलीला हेरलं. म्हणाल्या, "हिचे घोटे बघ. हे शिकवून येत नाही. हे डोंगरानं दिलंय."

गेल्या आठवड्यात दमट हवेनं हॉलची लाकडी जमीन फुगली आणि तीन दिवस वर्ग बंद राहिला. मिस उदास बसल्या होत्या. डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी त्यांना काही सुचत नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पाण्याच्या काही गोष्टी आहेत का? मी त्यांना आपल्या डोहातल्या साती आसरांबद्दल सांगितलं. सात बहिणी, पाण्यात राहणाऱ्या, ओल्या केसांच्या, आवडलेल्या माणसाला सोडत नाहीत अशा. आणि त्यांचं गाणं म्हणत आपल्या बाया फेर धरतात तेव्हा सहाच जणी उभ्या राहतात, सातवीची जागा मोकळी ठेवतात, तिथे उभी राहील ती आसरांची होते म्हणून, तेही सांगितलं.

मिस म्हणाल्या, "रूपा, हे तुझ्याकडे होतं आणि तू मला दोन वर्षं फक्त हजेरीपट दाखवलेस?"

तर आसरांचा बॅले बसतो आहे. सात मुली आहेत आणि सातव्या जागी तुझी छकुली. एकटीचा नाच तिचा आहे. वहिनीला सांग.

तुझी,
रूपा


वलवण, १७ ऑगस्ट २०२५

दादा,

केरबाभाऊंनी तुझा निरोप फाटकाशी उभं राहून, डोळे मिटून, पाठ केल्यासारखा सांगितला. "'पोरीला त्या जाग्याव उभी करू नगं. नाचव, पन सा जनीत नाचव. सातवीत न्हाई.' आसं म्हन्ला कोंडू." नंतर आपलं जोडलं, "मी फकस्त दूध घालनारा. भावाभनीच्या मदी मला पडायचं न्हाई. पन जागा मोकळी ठिवायला काय जातंय गं?"

काय जातं ते सांगते. सोपानकाकांची पोर आठवते तुला? मी नववीत होते. ताप चढला, आसरांनी धरली म्हणाले, दोन दिवस तिला डोहाकाठी घेऊन बसले. तू, मी, आय, आपण सगळेच बसलो होतो. तिसऱ्या दिवशी कामशेतला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मलेरिया होता. गोळ्यांनी गेला असता. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या तोंडून "आसरांनी धरलं" हे शब्द कधी निघणार नाहीत, आणि माझ्यासमोर कुणाला म्हणू देणार नाही. मी शिकले ती याच एका गोष्टीसाठी, असं मला कधीकधी वाटतं.

खरं ते सगळं सांगते. तुझा निरोप मी मिसना सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, "तुझ्या घरच्यांना खुपत असेल तर ठेवू या जागा मोकळी. तिथे नुसता उजेड पाडू. तेही सुंदर दिसेल." मीच नको म्हटलं. म्हटलं, मिस, आमच्या पोरींनी भिऊन मोकळ्या ठेवलेल्या जागा आता भरायला हव्यात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुझी माणसं, तुला माहीत."

तू रागावशील. पण एकदा येऊन बघ तिला. हवेत उठते तेव्हा तुझी पोर वाटत नाही आणि खाली येते तेव्हा तुझीच वाटते, तशीच ओठ दाबून.

तुझी,
रूपा


वलवण, ५ ऑक्टोबर २०२५

दादा,

केरबाभाऊंनी तुला काहीतरी सांगितलं असणार, म्हणून घाईनं लिहिते. छकुली त्यांना फाटकाशी म्हणाली की बुटात कुणीतरी चावतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. दादा, बूट नवे आहेत. सगळ्याच नव्या बुटांचं असं होतं. तुला दहा वर्षांपूर्वी कंपनीचे बूट मिळाले होते तेव्हा तू आठवडाभर लंगडत होतास.

हे बूट वेगळे असतात. टोकाशी कापड आणि कागद खळीनं थरावर थर चिकटवून दगडासारखं कडक केलेलं असतं, आणि मुलगी त्या टोकावर सगळ्या अंगाचा भार घेऊन उभी राहते. घसरू नये म्हणून टोकाला राळ लावतात. मिस म्हणाल्या, "एरवी मी आणखी एक वर्ष थांबले असते. पण हिचे पाय तयार आहेत." हॉस्टेलमधली दुसरी मुलगी अनुष्का, तळेगावची, तिला तीन वर्षांनी हे बूट मिळाले. तिची थोडी जळजळ होते. परवा कार्यक्रमाच्या कागदावर नावं लिहिताना म्हणाली, "छकुली हे काय नाव झालं? घरातलं नाव झालं. शाळेतलं सांग ना."

"शाळेत बी छकुलीच."

"आणि लग्नाच्या पत्रिकेत?"

"तितं तुजं नाव लिव्हू," म्हणाली तुझी पोर. सगळ्या हसल्या, अनुष्कासुद्धा. तर अशी आहे ती. हसते, जेवते, भांडते.

इथे एक पद्धत आहे. हॉलच्या दाराशी एक वही असते, तिला मुली दुखण्याची वही म्हणतात. वर्गाआधी प्रत्येकीनं आपल्या नावापुढे आज काय दुखतं ते लिहायचं, दुखत नसेल तर "नाही" लिहायचं. मिस ती वाचल्याशिवाय वर्ग सुरू करत नाहीत. ज्या मुलीला दुखत असेल तिला त्या दिवशी बूट नाहीत. ती वही माझ्या ताब्यात असते. तेव्हा तू काळजी करू नकोस.

१४ डिसेंबरच्या कार्यक्रमाला बंगळुरूच्या एका बॅले संस्थेतून बाई येणार आहेत. एका मुलीला त्या पाच वर्षांसाठी घेऊन जातील, शिक्षण, राहणं, सगळं त्यांचं. मिसनी मला एकटीला सांगितलंय की त्या छकुलीसाठीच येत आहेत.

तुझी,
रूपा


वलवण, २६ ऑक्टोबर २०२५

दादा,

भाऊबीजेला तू येशील असं वाटलं नव्हतं, तरी मी तबक लावून ठेवलं होतं. आली ती आय. केरबाभाऊंच्या गाडीत, दुधाच्या कॅनांच्या मधे दाटीनं बसून. तालमीमुळे छकुलीला दिवाळीत घरी पाठवता आलं नाही, म्हणून तीच आली. तिनं तुला आपल्या परीनं सांगितलं असेलच. आता माझ्याकडून ऐक.

छकुली बाहेर पायरीवर बसली होती. आयनं करंजीचा डबा खाली ठेवला आणि आधी तिचे पायच हातात घेतले. डावा पाय वरच्या बाजूला जरा सुजला होता. आयनं अंगठा फिरवला तशी पोरीनं पाय ओढून घेतला.

"ह्यो कवापास्नं?" आयनं विचारलं. पोरगी माझ्याकडं बघायला लागली.

"आय, बुटानं होतं तसं. सगळ्यांचंच होतं."

"सगळ्यांचा न्हाई बघत मी. हिचा बघती." मग माझ्या तोंडाकडे बघून हळू म्हणाली, "सातवी करून उभी केलीस न्हवं? धरला तिनं पाय."

"आय, पोरीसमोर असलं बोलायचं नाही."

"तुज्यासमोर बोलायचं न्हाई, पोरीसमोर बोलायचं न्हाई. मंग बोलू कुनासमोर, ह्या तुज्या आरशासमोर?"

मी आत निघून गेले. परत येईपर्यंत तिनं कनवटीचा बिब्बा काढून दिव्यावर धरला होता आणि पायावर तीन चटके दिले होते. मी ओरडले. आय रडली. मी तिला नीट जेवूही दिलं नाही, दादा, हे तुला तिनं सांगितलं नसेल.

आता त्या जागी काळे फोड आलेत आणि सूज वाढली आहे. ही सूज बिब्ब्याची आहे. एवढं शिकून माझ्या डोळ्यांसमोर हे झालं याची मला इतकी लाज वाटली की मिसना मी सांगितलं नाही. मोज्यात झाकलं जातं.

काल तुझा निरोप आला. "पोरीला आन." दोनच शब्द. केरबाभाऊंनी या वेळी डोळेही मिटले नाहीत.

दादा, सात आठवडे राहिलेत. फक्त सात.

रूपा


वलवण, २३ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू म्हणालास डॉक्टरला दाखव. दाखवलं. परवा, शुक्रवारी तळेगावला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तपासलं आणि थोडं मुरगळल्यासारखं आहे म्हणाले. मलम दिलं. हाड शाबूत आहे. आता आयला हे वाचून दाखव आणि सांग की आसरांना सोडून दे.

छकुली परत येताना एसटीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. उठल्यावर म्हणाली, "आत्या, मी नाचनार ना?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मला नाचायचंय. मंग तिला पाय द्यायचा आसंल तर दीन." कुणी भरवलं हे तिच्या डोक्यात? आयनंच ना? मी तिला तिथल्या तिथं दटावलं. पाय दुखतो असं आता कुणासमोर म्हणायचं नाही, म्हणजे कुणी असलं काही बोलणार नाही, असं समजावलं. ती समजूतदार आहे. तेव्हापासून एकदाही म्हणालेली नाही.

तालमीत ती चांगली करते आहे. उतरताना जरा आवाज होतो, तेवढं सुधारायचं आहे.

कार्यक्रम लोणावळ्यात आहे, १४ तारखेला, रविवारी सकाळी अकरा वाजता. तुझ्यासाठी, वहिनीसाठी आणि आयसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवल्या आहेत. तू म्हणाला होतास, तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. तो माझा उंबरा नाही, दादा. भाड्याचा हॉल आहे. ये.

रूपा


लोणावळा, १५ डिसेंबर २०२५, सकाळी सात

दादा,

केरबाभाऊ हे पत्र आणतील आणि तुला घेऊन येतील. लगेच नीघ. कपडेबिपडे काही घेऊ नकोस.

काल तू आला नाहीस. वहिनी आणि आयही नाहीत. तीन खुर्च्या मोकळ्या होत्या. मी पडद्याच्या बाजूला उभी होते. सहा जणींचा फेर झाला आणि छकुली मधे आली. पहिल्या तीन उड्या तिनं अशा घेतल्या की बंगळुरूच्या बाई खुर्चीत पुढं सरकल्या. चौथीला ती डाव्या पायावर उतरली आणि ओली काटकी मोडते तसा आवाज झाला. संगीत चालू असताना मला ऐकू आला. ती खाली बसली. मग ओणवी झाली. लोकांना वाटलं हे नाचातलंच आहे. मागच्या रांगांतून टाळ्या आल्या, दादा.

ती रडली नाही. मी उचललं तेव्हा कानाशी म्हणाली, "तिनं सोडला न्हाई गं, आत्या."

पायाचं एक हाड तुटून सरकलंय. आज ऑपरेशन करून आत तार घालायची आहे. कागदावर बापाची सही लागते. कालपासून डॉक्टरांच्या फोनवरून लावते आहे, तुझा फोन लागत नाही. डॉक्टर दुपारी एकपर्यंत थांबतील.

तू मला काहीही म्हण, पण आधी सही कर.

रूपा


वलवण, २८ डिसेंबर २०२५

दादा,

त्या दिवशी तू सही करून बाहेर आलास आणि बाकावर माझ्याशेजारी बसलास. सहा महिन्यांनी. मला वाटलं मारशील. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "गप. रडू नगं. तुजा काय दोस? जागाच वंगाळ. तू न्हान हाईस, तुला काय कळनार." त्या हाताखाली मी गप्प बसले. मला तो हात हवा होता. म्हणून बोलले नाही. मग तू छकुलीला वाडीवर घेऊन गेलास, नंबर उघडलास, नव्या भाताचे तांदूळ पाठवलेस. ते मी अजून शिजवलेले नाहीत.

काल केरबाभाऊंनी सांगितलं की मंगळवारी तुम्ही छकुलीला डोहावर नेणार आहात. धोंडिबाआबा भगत म्हणाले म्हणे, "बांदलेला पाय त्या सोडत न्हाईत. मोकळा करून पान्यात धरायला पायजे." आणि प्लास्टर तू विळ्यानं कापणार आहेस. मलाही बोलावलं आहेस, नारळ घेऊन.

मी येते आहे. पण त्याआधी हे वाच, कारण तुझ्यासमोर उभी राहिले तर मी पुन्हा अर्धंच बोलेन.

२३ नोव्हेंबरच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. तळेगावच्या डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला होता. फोटोत दुसऱ्या बोटामागच्या हाडाला चीर दिसत होती, केसाएवढी, पण स्पष्ट. त्यांनी पेन्सिलीनं मला दाखवली. म्हणाले, ही चीर महिन्याहून जुनी असावी, बिब्ब्याचा आणि हिचा काही संबंध नाही. सहा आठवडे बूट नाही, उडी नाही, शक्यतो चालणं नाही, म्हणजे आपोआप भरून येईल. मी विचारलं, तीन आठवड्यांनी एकच कार्यक्रम आहे, केला तर? ते म्हणाले, "तर हाड तुटेल. बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता म्हणून स्पष्ट सांगतो."

तो फोटो मी ऑफिसच्या कपाटात हजेरीपटांखाली ठेवला.

बंगळुरूच्या बाई येणार होत्या, हे एक कारण. पण तेवढंच असतं तर मी कदाचित थांबले असते. खरं कारण लिहायला मला चौदा दिवस लागले. ऑक्टोबरात तिनं दुखण्याच्या वहीत लिहिलं होतं, "डावा पाय. बुटात कुणीतरी चावतं." मी ती ओळ खोडली. मी तिला "दुखतं" एवढं लिहायला सांगू शकले असते. पण तुझा निरोप येऊन गेला होता. पाय दुखतो असं एकदा कागदावर आलं की तुम्ही सगळे म्हणणार होतात, बघ, धरला. आसरांचं खरं झालं असतं. सोपानकाकांच्या पोरीच्या वेळचं सगळं परत खरं झालं असतं. म्हणून त्या दिवसापासून तिच्या नावापुढे रोज मीच लिहीत गेले, "नाही." अडुसष्ट दिवस. मिस रोज वाचत होत्या आणि बूट देत होत्या. आयचा अंगठा ज्या जागी थांबला होता, नेमकी तीच जागा फोटोत होती. आयला पाय कळला होता, नाव फक्त चुकीचं दिलं होतं. मला नाव खोडायचं होतं, तर मी पायच खोडला.

ऑपरेशनच्या दिवशी इथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, आधी कधी फोटो काढला होता का? मिस शेजारी उभ्या होत्या. मी नाही म्हटलं. काल संध्याकाळी मी वही आणि फोटो मिसपुढे ठेवला. त्यांनी वही शेवटपर्यंत उलटली. मग एवढंच म्हणाल्या, "मी तिच्या पायाकडे बघायला हवं होतं. मी वही बघत राहिले." त्यांनी शाळा बंद ठेवली आहे. माझ्याबद्दल काय ठरवतील मला माहीत नाही, आणि आज मी तो विचार करत नाही.

दादा, आता हे नीट वाच, दोनदा वाच. आतली तार अजून हाडात आहे. २५ जानेवारीच्या आधी प्लास्टर निघालं, किंवा पाण्यात भिजून सैल झालं, तर हाड सरकेल आणि तार बाहेर येईल. मग ती नाचणं सोड, बांधावरून चालतानाही आयुष्यभर पाय ओढेल. डॉक्टरांनी माझ्या तोंडावर सांगितलंय, आणि या डॉक्टरांचं मी पुन्हा झाकून ठेवणार नाही.

तू मला माफ केलंस ते आसरांवर दोष टाकून. ती माफी मी ठेवून घेतली तर मंगळवारी तू विळा हातात घेशील, आणि तोही माझ्याच पायी. म्हणून ती परत करते. आसरांनी धरलेला पाय सहा आठवडे स्वस्थ बसून आपोआप भरतो का, हे धोंडिबाआबांना विचार. हा भरला असता. कुणी सोडवायचीही गरज नव्हती. मी बसू दिलं नाही, एवढंच झालं.

आणि छकुलीला सांग. तुझं ती ऐकेल, माझं नाही ऐकणार. तिला वाटतंय की तिनं पाय कबूल केला होता आणि तो घेतला गेला. बारा वर्षांच्या पोरीनं हे मनात घेऊन झोपू नये. तिला सांग की तुझी आत्या खोटं बोलली. तू दुखतं म्हणालीस ते खरं होतं, आणि आत्यानं तुला गप्प केलं.

या पाकिटात तो फोटो आहे आणि तळेगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी. फोटो दारातल्या उजेडाकडे धर, चीर तुला दिसेल, पेन्सिलीची खूण अजून आहे. खालच्या कोपऱ्यात तारीख छापली आहे, २१ नोव्हेंबर. धोंडिबाआबांसमोर, आयसमोर, छकुलीसमोर ती मोठ्यानं वाच. मग चिठ्ठीतली सहा आठवड्यांची ओळ वाच. मग माझं नाव घे.

मी उद्या दुपारच्या एसटीनं निघते. घरात घेतलं नाहीस तर बाहेर पायरीवर बसेन, नंबर बंद केलास तरी चालेल. पण मंगळवार उलटेपर्यंत मी तिथून हलणार नाही, आणि त्या प्लास्टरला कुणी हात लावायचा नाही.

रूपा